वडिलांसाठी १०० सीसी घ्यायचीय, नुसती किकवाली घ्यावी का सेल्फवाली?

मेढ्याचा_भाऊ :

नमस्कार मंडळी, गाड्यांतल्या जाणकारांनी जरा सांगा. आमचं गाव जावळीत, मेढ्याच्या वरच्या अंगाला. वडील रोज पहाटे गाडीला दोन्ही बाजूला कॅन अडकवून डेअरीवर दूध घालतात, संध्याकाळी परत तेच. म्हणजे पहाटे पाचला गाडी चालू झाली नाही तर त्या वेळचं दूध घरातच राहिलं समजा. आत्ताची गाडी जुनी कार्बोरेटरवाली आहे, फक्त किकची, इंजिनचं काम करून करून झालंय, आता परत त्यात पैसे घालायचे नाहीत असं घरात ठरलंय.

साताऱ्यात शोरूमला जाऊन आलो. एकाच मॉडेलमध्ये नुसत्या किकची वेगळी अन् सेल्फची वेगळी, मध्ये काही हजारांचा फरक. मला सेल्फवाली घ्यायचीय कारण वडिलांचा उजवा गुडघा दुखतोय, डॉक्टरांनी जिना सुद्धा कमी चढा म्हणून सांगितलंय. पण वडील ऐकायलाच तयार नाहीत. त्यांचं एकच, "किक असली की बॅटरी मेली तरी गाडी चालू होती, बटणाच्या गाडीचा काय भरवसा." त्यात मागच्या थंडीत आमच्याच गावातल्या एका पोराची बिनकिकची स्पोर्ट्स गाडी कासकडनं येताना बंद पडली, बटण दाबलं की नुसतं टक टक टक टक, बाकी काही नाही, शेवटी टेम्पोत घालून खाली आणली. ते सगळ्या गावानं बघितलं अन् तवापासनं वडिलांचं मत पक्कं झालंय.

तर मला विचारायचंय की नवीन गाडीत बॅटरी पूर्ण उतरली तर किकवर खरंच चालू होती का? आमच्याकडं हिवाळ्यात पहाटे गारठा लई असतो, त्यात सेल्फ दगा देतो का? अन् आत्ता नुसती किकवाली घेऊन पुढं मागं सेल्फ बसवून मिळतो का?

कुपवाडचं_गॅरेज :

दादा, वडील म्हणतायत ते जुन्या गाडीसाठी शंभर टक्के बरोबर आहे पण नव्या गाडीला ते जसंच्या तसं लागू होत नाही. हे आधी नीट समजून घ्या, कारण रोज गॅरेजला येणारी निम्मी माणसं इथंच फसतात.

जुन्या कार्बोरेटरच्या बऱ्याच गाड्यांना एसी सीडीआय असायचा, म्हणजे बॅटरीशिवाय स्पार्क देणारा डबा. किक मारली की मॅग्नेट, म्हणजे इंजिनवरचा करंट तयार करणारा भाग, फिरणार, स्पार्कसाठीचा करंट त्यातल्याच एका कॉइलमधनं तयार होणार, अन् पेट्रोल तर टाकी वर अन् कार्बोरेटर खाली असल्यानं आपोआप उतरतंच. यात बॅटरीचा संबंधच नाही. बॅटरी काढून घरात ठेवली तरी गाडी चालू होणार, फार तर हॉर्न अन् इंडिकेटर बंद राहतील. त्या काळातल्या सुद्धा काही गाड्यांना डीसी सीडीआय, म्हणजे बॅटरीवर चालणारा डबा होता, त्यांना बॅटरी लागायचीच, पण तुमच्या वडिलांनी आयुष्यभर जी गाडी वापरलीय ती पहिल्या जातीची असणार म्हणून त्यांचा किकवर एवढा विश्वास आहे.

आता १ एप्रिल २०२० ला बीएस सिक्स हा धुराचा नवा नियम लागू झाला अन् गाड्या इंजेक्शनवर गेल्या. टाकीत पंप आला, तो पेट्रोल दाबानं पुढं ढकलतो, इंजेक्टर ते फवारतो, अन् कधी किती फवारायचं अन् स्पार्क कधी द्यायचा हे ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर ठरवतो. या तिघांनाही करंट लागतो अन् गाडी चालू व्हायच्या आधी लागतो. पंप फिरला नाही तर पेट्रोलच नाही, मग तुम्ही किक मारून मारून घाम काढा, गाडी चालू होणार नाही.

पण म्हणून नव्या गाडीत किक बिनकामाची आहे असं कोण म्हणत असेल तर तेही चूक. बॅटरी वीक असणं अन् बॅटरी मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३५ वॅटचा हेडलाइट १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर खातो, सेल्फची मोटर त्याच्या कितीतरी पट खाते, तेही एकदम. बॅटरी जरा वीक असली की मोटर लागताक्षणी व्होल्टेज खाली कोसळतं, रिले, म्हणजे मोटरला करंट सोडणारा स्विच सुटतो, परत व्होल्टेज वर येतं, परत रिले ओढतो, परत सुटतो. तुम्ही लिहिलेलं टक टक टक ते हेच. आता त्याच वीक बॅटरीत पंप अन् ईसीयूला पुरंल एवढा जीव बऱ्याचदा असतो. तिथं किक मारली की मोटरचं ओझंच नाही, मॅग्नेटपण फिरताना थोडा करंट देतं, अन् गाडी पहिल्या दुसऱ्या किकला चालू होती. म्हणजे त्या पोराच्या गाडीला किक असती तर बहुतेक ती कासवरनं चालत खाली आली असती. मीटरचा लाइट सुद्धा लागत नाही एवढी बॅटरी मेली असंल तर मात्र मॉडेलवर आहे, काही गाड्या त्यातनंही किकवर उठतात, काही नाही उठत. मॅन्युअलमध्ये बघा, सर्व्हिसच्या मेकॅनिकला विचारा. अन् एक हात जोडून विनंती, चालू गाडीची बॅटरीची वायर काढून बघायचा प्रयोग कुणी करू नका, व्होल्टेज एकदम वर उडून ईसीयू जाऊ शकतो अन् ती वस्तू महाग आहे.

नुसत्या किकच्या गाडीला मागनं सेल्फ बसवायचं डोक्यातनं काढा. मोटर बसायला इंजिनच्या केसिंगमध्ये तशी जागा लागते, मॅग्नेटच्या मागं वनवे क्लच अन् गिअर लागतो, रिले, वायरिंग, सगळं आलं. त्या खर्चात अन् त्या डोकेदुखीत काही अर्थ नाही.

माझं मत एकदम साधं आहे. सेल्फवाली घ्या. या वर्गातल्या सेल्फच्या गाड्यांना बहुतेक किकपण येतीच, ती आहे का तेवढी बघून घ्या म्हणजे वडिलांचा पण मान राहतो.

वाईकर_रायडर :

माझी गाडी बिनकिकची आहे अन् खंबाटकी, पसरणी, आंबेनळी सगळे घाट तिनं केलेत. बॅटरी नीट असली की किकची आठवण पण येत नाही. २०१२ ला २०० सीसीच्या ज्या गाड्या आल्या त्यांनाच किक नव्हती, पुढं रॉयल एनफिल्डची हिमालयन आली २०१६ ला तिलापण नाही, त्यांचीच २०२१ ची नवीन क्लासिक ३५० आली त्यातनं पण काढली. कंपन्या उगाच काढत नाहीत ना. किकचा गिअर, शाफ्ट, स्प्रिंग सगळं इंजिनमध्ये जागा खातं, वजन वाढतं, पायदान पाहिजे तिथं बसवता येत नाही अन् मोठ्या कॉम्प्रेशनच्या इंजिनला किक मारणं साध्या माणसाचं काम पण नाही. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी लागतीच म्हटल्यावर किक ठेवून उपयोग किती? त्यापेक्षा डिकीत जंप वायर ठेवा, दुसऱ्या कुठल्याही १२ व्होल्टच्या गाडीवरनं चालू करता येते.

कुपवाडचं_गॅरेज :

वाईकर भाऊ, मोठ्या गाडीला तुमचं म्हणणं पटतं. पण पहाटे पाचला जावळीतल्या रस्त्याला जंप वायर लावायला दुसरी गाडी यायची कधी? अन् १०० सीसीला किक हातानं दाबली तरी फिरती, तिथं ती काढायचं कारणच नाही. जंप करणार असाल तर प्लसला प्लस, मायनसला मायनस, अन् चारचाकीवरनं करंट घेताना चारचाकीचं इंजिन बंद ठेवायचं.

विश्रामबागची_ताई :

मी गाडीतली जाणकार नाही पण रोज चालवते म्हणून लिहिते. तुम्ही सगळे बॅटरीवर बोलताय, गुडघ्यावर कोणीच बोलत नाही. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांच्याबरोबर दवाखान्यात बसून जे ऐकलंय त्यावरनं सांगते, उभं राहून एका पायावर सगळं वजन घेऊन दुसऱ्या पायानं जोरात दाबायचं हे दुखऱ्या गुडघ्याला सगळ्यात वाईट. अन् त्यात दोन्ही बाजूला भरलेले कॅन! गाडी स्टँडवर, रस्ता ओला, किक मारताना गाडी कलली तर सावरायची कशी त्यांनी? दूध जाईल ते जाईल, माणूस खाली यायला नको.

स्कूटरचं तर किक हा प्रकार बायकांसाठी किती अवघड आहे ते बघा. मेन स्टँडवर लावा, साडीचा काठ सांभाळा, मागं ट्रॅफिक हॉर्न वाजवतंय. बटण आलं म्हणून आमच्यासारख्या कितीतरी बायका एकट्या गाडी घेऊन मार्केट यार्डापर्यंत, मिरजेपर्यंत जायला लागल्या, हे मी डोळ्यानं बघितलंय. आता तर माझ्या स्कूटरला सेल्फची वेगळी मोटरच नाही म्हणे, जो भाग चार्जिंग करतो तोच सुरुवातीला इंजिन फिरवतो, त्यामुळं तो खर्र करून आवाजपण येत नाही. ॲक्टिवा ६जी ला आहे ते.

भाऊ, शंभर सीसीची नवीन बॅटरी हजार-पंधराशेच्या आसपास मिळते. वडिलांना सांगा, दर तीन एक वर्षांनी बॅटरी बदलू पण गुडघा बदलायची वेळ आणायची नाही.

बुलेटवाले_आबा_सातारा :

आमच्या वेळेला चॉइसच नव्हता बाळांनो. आरएक्स १०० घ्या, नुसती किक, पण ती एवढी हलकी की चपलेनं पण चालू व्हायची. येझदीला तर गिअरचा अन् किकचा दांडा एकच, आत दाबून वर घेतला की त्याची किक व्हायची, नवीन माणूस गाडी हातात घेऊन नुसता बघत राहायचा.

पण खरी परीक्षा जुन्या कास्ट आयर्नच्या बुलेटची. तिला ताकद लागत नाही, पद्धत लागते, अन् ती पद्धत आता कोण शिकवत नाही म्हणून लिहून ठेवतो. चावी फिरवायची अन् टाकीच्या पुढं हेडलाइटच्या डब्यावर जो अँमीटर, म्हणजे बॅटरीचा करंट दाखवणारा मीटर आहे त्याच्या काट्यावर नजर ठेवायची. किक हळूहळू खाली दाबत जायची. स्पार्कसाठी करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट मिटलेले असतील तोपर्यंत काटा डिस्चार्जकडं झुकलेला दिसतो. दाबता दाबता एका जागी काटा मध्ये येऊन थांबतो अन् किकपण कडक लागते, तिथं पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आलेला असतो. तिथं थांबायचं. डाव्या हाताचा डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडायचा लिव्हर ओढायचा, किक अगदी थोडी, बोटभर पुढं न्यायची, लिव्हर सोडायचा, किक परत पूर्ण वर घ्यायची अन् मग एकच सलग, पूर्ण खालपर्यंत मारायची, ॲक्सिलेटरला हात लावायचा नाही. बरोबर जमलं की एका किकला चालू. ज्यांनी हे न बघता नुसता जोर लावला त्यांना उलटी किक बसलीय, नडगी फुटलेली माणसं पोवई नाक्यावर कितीतरी बघितलीत मी. त्या गाडीत पॉइंटला पण बॅटरीचाच करंट जायचा बरं का, त्यामुळं किक म्हणजे बॅटरी नको, हे तेव्हा पण सगळ्या गाड्यांना लागू नव्हतं.

चारचाकीला सुद्धा पूर्वी पुढनं हँडल मारावं लागायचं, त्याच्या उलट्या झटक्यानं लोकांचे हात मोडायचे. चार्ल्स केटरिंगनं इलेक्ट्रिक स्टार्टर केला अन् १९१२ च्या कॅडिलॅकला तो पहिल्यांदा आला. मोटरसायकलमध्ये होंडाची १९६९ ची सीबी ७५० आली तिला सेल्फ अन् किक दोन्ही होतं. मला तीच पद्धत बरोबर वाटते, दोन्ही ठेवा.

मेढ्याच्या भावाला एवढंच सांगणं, वडील किक मागतायत म्हणजे त्यांना हट्ट करायचा नाहीये. त्यांना रस्त्यात कुणापुढं हात पसरायचा नाहीये. ते लक्षात घेऊन त्यांच्याशी बोला.

पलूसचा_ऊसवाला :

मधी घुसतोय पण विषय निघालाय म्हणून. आमच्याकडं कृष्णेचं पाणी आलं की गाड्या बुडतात. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटाच्या वर गेलतं, धोक्याची पातळी ४५ आहे. पाणी ओसरल्यावर लोकं पहिलं काय करतात तर चावी लावून सेल्फ मारतात, चालू होतीय का बघू म्हणून. ते बरोबर आहे का चूक? अन् किक मारलेली चालती का?

कुपवाडचं_गॅरेज :

चांगला प्रश्न काढलात. अजिबात सेल्फ मारायचा नाही. चावीसुद्धा लावायची नाही. बुडालेल्या गाडीत पाणी सायलेन्सरमधनं, एअर फिल्टरमधनं सिलिंडरपर्यंत जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर पाणी भरलेलं असताना सेल्फनं जोरात पिस्टन वर ढकलला तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनचा दांडा वाकतो, म्हणजे जी गाडी धुवून पुसून दोन-तीन हजारात चालू झाली असती तिचं सगळं इंजिन खोलायला लागतं. महापुरानंतर आमच्याकडं ज्या गाड्यांची रांग लागली त्यातल्या बऱ्याच गाड्या पाण्यानं कमी अन् घाईनं जास्त खराब झालत्या.

करायचं काय ते सांगतो. आधी बॅटरीची मायनस वायर काढा. स्पार्क प्लग काढा. मग हातानं किंवा पायानं अगदी सावकाश किक फिरवा, प्लगच्या भोकातनं पाणी पिचकारी मारल्यागत बाहेर येतं, ते बंद होईपर्यंत फिरवत राहा. इथं किकची खरी किंमत कळते, बिनकिकच्या गाडीला हे करायचं तर वरच्या गिअरला टाकून मागचं चाक हातानं फिरवत बसावं लागतं. नंतर इंजिन ऑइलचा खालचा नट काढून बघा. ऑइल दुधाच्या चहागत दिसलं तर आत पाणी गेलंय, ते सगळं काढून नवीन भरा, थोडं चालवून परत एकदा बदला. एअर फिल्टर बदला. इंजेक्शनची गाडी असंल तर टाकीतलं पेट्रोल काढून टाकी अन् पंप साफ करा, अन् ईसीयूचे सॉकेट वाळवून घेतल्याशिवाय चावी फिरवू नका.

वाईकर_रायडर :

हे पुराचं मला माहीत नव्हतं, आमच्याकडं तेवढं पाणी येत नाही. या बाबतीत किक पाहिजे हे मान्य. पण गारठ्याचं कोण बोललंच नाही, मेढ्याच्या भावानं विचारलं होतं.

कुपवाडचं_गॅरेज :

हो ते राहिलंच. गारठ्यात दोन गोष्टी एकदम होतात. इंजिन ऑइल घट्ट होतं म्हणजे मोटरला जास्त जोर लागतो, अन् त्याच वेळी बॅटरीची करंट द्यायची ताकद कमी होते. म्हणून जी बॅटरी उन्हाळ्यात कशीतरी चालत होती ती डिसेंबरच्या पहाटे दगा देते. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड दिलाय तेच ऑइल टाका, स्वस्तातलं घट्ट ऑइल टाकू नका.

अन् वडिलांना सवय लावा. चावी फिरवली की लगेच बटण दाबायचं नाही. पंपाचा सुंई आवाज येतो तो थांबू द्यायचा, मग क्लच दाबून बटण. पाच सेकंदांच्या वर दाबून धरायचं नाही, नाही झाली तर दहा-पंधरा सेकंद थांबायचं. जुन्या सवयीनं ॲक्सिलेटर पिळत बसायचं नाही, इंजेक्शनच्या गाडीला त्याची गरज नसते. लई गारठा असंल त्या दिवशी पहिली स्टार्ट किकवर करायची असंल तर करा, पण तीन-चार किकच्या वर वडिलांनी मारू नयेत, ताईंचं गुडघ्याचं म्हणणं मला पूर्ण पटलंय.

मेढ्याचा_भाऊ :

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवताना वडिलांना हे सगळं वाचून दाखवलं. आबांचं लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. टक टकचं कारण ऐकल्यावर म्हणाले, मग दोन्ही असलेली घे पण आधी किक मारून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. म्हणजे काम झालं. येत्या रविवारी त्यांनाच घेऊन साताऱ्याला जातोय.

शेवटचं एक, बॅटरी वीक व्हायला लागलीय हे घरच्या घरी आधीच कसं ओळखायचं? वायरमन मित्राकडं मल्टिमीटर आहे.

कुपवाडचं_गॅरेज :

मल्टिमीटर आहे म्हणजे झालंच. रात्रभर बंद असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी चावी लावायच्या आधी मोजा. १२.६ च्या वर असंल तर भरलेली आहे, १२.४ च्या खाली येत असंल तर चार्जिंगला लावा. मग एकानं सेल्फ मारायचा अन् दुसऱ्यानं काटे टर्मिनलला लावून बघायचं, त्या क्षणाला साडेनऊच्या खाली जात असंल तर बॅटरी थकलीय, थंडीच्या आधी बदला. गाडी चालू करून थोडी रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये दाखवायला पाहिजे, तेवढं नाही दाखवलं तर दोष बॅटरीत नाही, चार्जिंगमध्ये आहे, नवीन बॅटरी घेऊन फसू नका.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर वायर काढून गरम पाणी टाका, ब्रशनं घासा, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावा अन् नट घट्ट करा. काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस. अन् वडिलांना सांगा, डेअरीवर दूध मोजून होईपर्यंत गाडी बंद करून चावी तशीच चालू ठेवायची नाही. २०१७ पासून हेडलाइटचं बटणच दिलेलं नाही, काही गाड्यांत इंजिन बंद असलं तरी चावीवर काही ना काही लाइट चालूच राहतात, अन् ३ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी तेवढ्यात खाली येते.

विश्रामबागची_ताई :

रविवारी गाडी घेतली की वडिलांना सेल्फ मारून बघायला लावा, कॅन लावून. रिकाम्या गाडीवर नाही.